कुंडीतली शिंदळ माकुडी

कळवणच्या आमच्या गच्चीवर एक कुंडी आहे. उन्हाळाभर तिच्यात नुसत्या हिरवट, गुबगुबीत काड्या दिसतात. आई दर मे महिन्यात विचारते, "ही वाळली रे, टाकून देऊ का?" पावसाला सुरुवात झाली की त्याच काड्यांना पानं फुटतात, आणि पावसाळा सरताना गडद किरमिजी रंगाची, पिवळ्या ठिपक्यांची, चांदणीसारखी फुलं येतात. ही शिंदळ माकुडी. जगात फक्त सह्याद्रीत उगवते.

१८६० च्या दशकात निकोल डालझेल या वनाधिकाऱ्याने तिची शास्त्रीय नोंद केली. त्याला ती जुन्नरच्या बाजूच्या डोंगरांत सापडली होती. नाव ठेवलं फ्रेरिया इंडिका, तेव्हाचे मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रेअर यांच्यावरून. गंमत बघा, याच फ्रेअरसाहेबांनी मुंबईच्या किल्ल्याचे तट पाडायला लावले आणि त्यांच्या नावाची वनस्पती राहते शिवनेरी, सज्जनगडासारख्या गडांच्या कड्यांवर! पुढे शास्त्रज्ञांनी तिला आधी कॅरालुमात, मग बुसेरोसियात टाकलं. साहेबांचं नाव मात्र 'फ्रेरी' म्हणून शेपटाला राहिलंच.

तिच्या जवळच्या भावकीत बहुतेकांना नावापुरतीच पानं, हिला भरपूर. म्हणून परदेशातल्या हौशी लोकांनीही ती काचघरांत वाढवली. वाढवायला सोपी आहे. फांदीचा तुकडा घ्यायचा, कापलेली बाजू सावलीत सुकू द्यायची आणि मुरमाड मातीत खोचायचा. पाणी बेतानं. इकडे कड्यांवर मात्र दरडी आणि शेळ्या यांच्यातून जे वाचेल ते. जगातल्या सर्वांत धोक्यात असलेल्या वनस्पतींमध्ये तिचं नाव अनेक वर्षं घेतलं जातंय.

मला वाटलं, आपल्या सप्तशृंगीच्या कड्यावर दहा-बारा तुकडे लावून यावेत. वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या एका मित्राला सांगितलं, तर त्यानं एवढंच विचारलं, "तुझी कुठल्या डोंगरावरची?"

मला एका हौशी बागवाल्याने दिली होती, त्याला आणखी कुणी. त्यापलीकडे काही नाही. वर माझे सगळे तुकडे एकाच झाडाच्या नकला. कमिट हिस्टरी नसलेला कोड मी प्रॉडक्शनला जाऊ देत नाही, आणि इथे थेट कड्यावर सोडायला निघालो होतो! दीडशे वर्षांपूर्वी डालझेलनं जागा लिहून ठेवली. हातात स्मार्टफोन असून आम्ही तिघांनी नाही ठेवली.

यंदा मावशीला एक तुकडा दिला. कुंडीला चिठ्ठी लावली: कळवणच्या गच्चीवरून, मूळ डोंगर माहीत नाही.