वेले (इंग्रजी सकर्मक क्रियापद)

वाटसरूच्या मार्गावर आधीच दबा धरून बसावे आणि तो टप्प्यात येताच त्याला अडवून त्याच्यावर तुटून पडावे, हा ह्या क्रियापदाचा मूलार्थ होय. भूतकाळी रूप ‘वेलेड’. मार्गवाचक ‘वे’ आणि ठेवणे-मांडणे ह्या अर्थाचे ‘ले’ ह्यांच्या संयोगाने, जुन्या डच व उत्तर जर्मन बोलींतील तशाच घडणीच्या शब्दाच्या नमुन्यावर, हे क्रियापद सोळाव्या शतकाच्या आरंभी इंग्रजीत आले. समानार्थक ‘अ‍ॅम्बुश’च्या उदरात जुन्या फ्रेंचमधील रान आहे, ‘वेले’च्या उदरात रस्ता, म्हणून १६६१ साली उंबरखिंडीच्या झाडीत शिवाजी महाराजांनी कारतलबखानाच्या फौजेची केलेली कोंडी पहिल्या शब्दाला अधिक शोभते, आणि शेक्सपिअरच्या ‘चौथा हेन्री’ नाटकाच्या पहिल्या भागात गॅड्सहिलच्या मुसाफिरांना लुटण्याचा जो बेत ठरतो, त्याला तिथे योजलेला दुसरा.

ह्या कृत्यातील खरे क्रौर्य घावापेक्षा त्याआधीच्या थंड प्रतीक्षेत असते, हे इंग्रजी कायद्याने अचूक ओळखले. डिसेंबर १६७० मध्ये, दुसऱ्या चार्ल्स राजाच्या रंगेलपणावर भर पार्लमेंटात टोला हाणणारे सभासद सर जॉन कॉव्हेंट्री रात्री घरी परतत असता, राजाच्याच रक्षकदलातील इसमांनी त्यांना लंडनच्या रस्त्यात गाठून त्यांचे नाक चिरले; त्यावर सभागृह इतके क्षुब्ध झाले की पूर्वसंकल्पाने, दबा धरून कोणाचे अंग विच्छिन्न करणाऱ्यास देहान्तशासन फर्मावणारा कायदा लागलीच संमत झाला आणि कॉव्हेंट्रींच्याच नावाने तो ओळखला जाऊ लागला.

पुढे अर्थ निवळला. वर्ड्‌स्वर्थने एका प्रेमकवितेत पाहणाऱ्याला थबकवणाऱ्या लावण्याला हे क्रियापद लावले, आणि आज दालनाबाहेर पडणाऱ्या मंत्र्याला बातमीदार अडवतात तेव्हाही तेच वापरतात.

मराठीत ‘वाट अडवणे’ म्हणताना कर्म वाट असते. इंग्रजीत वाट क्रियापदातच सामावलेली, म्हणून कर्म माणूस. ‘वाटमारी’त लूट अपरिहार्य असल्याने तो प्रतिशब्द मंत्र्याच्या प्रसंगी निरुपयोगी, आणि ‘दबा धरणे’ घाव पडण्यापूर्वीच थांबते. प्रस्तुत लेखकाच्या मते ‘वाटेत गाठणे’ हाच प्रयोग दोन्ही अर्थांना पुरतो. दरोडेखोर गाठतो, तसा सावकारही गाठतो, आणि फार दिवसांनी भेटलेला स्नेहीही.