दोन वर्षांचे वेळापत्रक

कारभार ही शाळेत शिकविण्याजोगी विद्या आहे काय, हा वाद जुना आहे. सराफाचा मुलगा वडिलांच्या शेजारी गादीवर बसून जमाखर्च शिके. मालाची पारख त्याला माल हाताळूनच येई. त्या शिक्षणाला सत्र नव्हते, परीक्षा नव्हती आणि पदवीही नव्हती. आज मात्र याच विद्येचा, एम. बी. ए. या नावाचा, दोन वर्षांचा अभ्यासक्रम देशोदेशींच्या विद्यापीठांत चालतो. ही दोन वर्षे अशीच का आखली गेली, याची हकीकत सांगण्यासारखी आहे.

एका व्यापारी मंडळीने कारभारी घडविण्यासाठी शाळा काढल्याचे एक उदाहरण आपल्याच इतिहासाशी निगडित आहे. ईस्ट इंडिया कंपनीने १८०६ साली इंग्लंडात एक महाविद्यालय उघडले. पुढे ते हेलिबरी येथे नांदले. अभ्यासक्रम दोन वर्षांचा, सत्रे चार. एका बाजूस गणित, कायदा, ग्रीक-लॅटिन, इतिहास व अर्थशास्त्र. दुसऱ्या बाजूस संस्कृत, फारसी इत्यादी पौर्वात्य भाषा. अर्थशास्त्र शिकवावयास खुद्द माल्थस होते. १८५८ साली हे महाविद्यालय बंद झाले. तेथील तरुणास ज्ञान पुष्कळ मिळे. परंतु जिल्ह्यात दुष्काळ पडला असता प्रथम काय करावे, हे तो जिल्ह्यात येऊनच शिके.

ही उणीव भरून काढण्याचा प्रयत्न अमेरिकेत झाला. १९०० साली डार्टमथ येथे टक विद्यालय निघाले आणि १९०८ साली हार्वर्डने, पदवीधरांनाच प्रवेश देणारे, आपले व्यवसाय-विद्यालय सुरू केले. त्याचे पहिले प्रमुख एडविन गे हे आर्थिक इतिहासाचे अभ्यासक होते. प्रारंभी हिशेबशास्त्र, व्यापारी करारांचा कायदा आणि देशाची साधनसंपत्ती हे विषय आवश्यक ठरले. तथापि विषय ठरविणे सोपे, शिकवावे कसे हेच कठीण. १९१९ साली प्रमुखपदी आलेले वॉलेस डोनम हे कायद्याचे पदवीधर. कायद्याचा विद्यार्थी जसा न्यायालयातील निवाडे वाचून कायदा शिकतो, तसा व्यवसायाचा विद्यार्थी प्रत्यक्ष घडलेली प्रकरणे वाचून निर्णय शिकेल, हा विचार त्यांनी नेटाने पुढे नेला.

या पद्धतीने वेळापत्रकच बदलून टाकले. विद्यार्थी आदल्या रात्री प्रकरण वाचतो, सकाळी चार-सहा सोबत्यांशी त्याची चर्चा करतो आणि मग वर्गात सुमारे ऐंशी मिनिटे वाद चालतो. शिक्षक उत्तर सांगत नाही, प्रश्न विचारतो. दुसऱ्या दिवशी नवी प्रकरणे वाट पाहत असतातच. रात्र अपुरी पडते, ही या योजनेची चूक नव्हे. सर्व कागद वाचून होण्यापूर्वीच निर्णय द्यावा लागणे, हा कारभाराचा नित्याचा अनुभव आहे. शासकीय सेवेतील माझ्यासारख्यास तो निराळा सांगावयास नको.

दोन वर्षांची विभागणीही विचारपूर्वक आहे. पहिल्या वर्षी सर्वांना सारखेच विषय आवश्यक असतात: जमाखर्च, भांडवल, उत्पादन, विक्री, माणसांचे व्यवहार. मधल्या उन्हाळ्यात विद्यार्थी एखाद्या संस्थेत काम करतो. दुसऱ्या वर्षी ऐच्छिक विषय येतात. निवड शेवटी ठेवण्याचे कारण उघड आहे. जे पाहिलेच नाही, त्यातून निवडावे कसे? फ्रान्समध्ये १९५७ साली स्थापन झालेल्या इन्सेआदने मात्र हा सारा व्याप एका वर्षात बसविला.

१९५९ साली अमेरिकेत फोर्ड व कार्नेगी या न्यासांच्या साह्याने दोन अहवाल निघाले. व्यवसाय-शिक्षण उथळ झाले आहे, त्यास गणिताची, अर्थशास्त्राची आणि मानवी वर्तनाच्या अभ्यासाची बैठक हवी, असा त्यांचा रोख होता. त्यानंतर लवकरच, १९६१ साली, भारताने कलकत्ता व अहमदाबाद येथे व्यवस्थापन संस्था स्थापिल्या. कलकत्त्यास मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रविद्या संस्थेचे साह्य लाभले, अहमदाबादेस हार्वर्डचे. त्यामुळे एकीकडे आकडेमोडीच्या शास्त्रावर, तर दुसरीकडे प्रकरण-चर्चेवर विशेष भर पडला. या संस्था दीर्घकाळ पदविकाच देत. पदवी देण्याचा अधिकार त्यांना २०१७ च्या कायद्याने मिळाला.

या इतिहासातून मला एक शंका मात्र राहून राहून येते. समजा, वर्गात एखाद्या बुडत्या गिरणीचे प्रकरण निघाले. ऐंशी मिनिटांत गिरणी बंद करावी असे ठरते, घंटा होते, विद्यार्थी पुढच्या प्रकरणाकडे वळतात. ज्याची रोजी जावयाची, तो कामगार त्या वर्गात नसतो, आणि वर्षभराने त्याच्या घरी काय स्थिती आहे हे पाहण्यास वेळापत्रकात तास नसतो. पेढीवरच्या मुलास ही सोय नव्हती. वडिलांनी ज्याचे कर्ज नाकारले, तोच माणूस त्याला दुसऱ्या दिवशी बाजारात भेटे. निर्णय कसा घ्यावा, हे दोन वर्षांत शिकविता येते, असे या शंभराहून अधिक वर्षांच्या अनुभवावरून मानण्यास हरकत नाही. परंतु निर्णयानंतर त्या माणसाच्या दारी जाण्याचा तास अभ्यासक्रमात कोठे घालावयाचा, हे ठरविण्याचे काम अभ्यासक्रम आखणाऱ्यांकडे अजून शिल्लक आहे. आणि खरे सांगावयाचे तर आम्हा शासकीय सेवकांकडेही.