क्रेनविना उचललेली गाडी : बार्शी लाइट रेल्वे आणि रुळांवरून घसरलेले डबे

१/ गाडी रुळांवरून घसरल्याची वार्ता आली की आज डोळ्यांसमोर अजस्र क्रेन उभी राहते. परंतु महाराष्ट्राच्या अंतर्भागातील अरुंदमापी शाखामार्गांचा इतिहास निराळा आहे. तेथील हलक्या रुळांना अवजड क्रेन पेलणेच शक्य नव्हते. गाडी पुन्हा रुळांवर येई ती जॅक, पहारी, लाकडी स्लीपर आणि गँगमनच्या खांद्यांच्या बळावर. हा धागा त्या कामाविषयी.

२/ उदाहरण बार्शी लाइट रेल्वेचे. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याच्या प्रयत्नांतून १८९७ मध्ये बार्शी रोड (आजचे कुर्डुवाडी) ते बार्शी हा मार्ग सुरू झाला. दोन रुळांतील अंतर अवघे अडीच फूट. पुढे हा मार्ग पंढरपूर, लातूर आणि १९२७ मध्ये मिरजेपर्यंत पोहोचला. एकूण लांबी सुमारे ३२५ किलोमीटर. एकीकडे बाजारपेठांचा माल, दुसरीकडे आषाढी-कार्तिकीचे वारकरी. एकेरी मार्ग असल्याने एक डबा घसरला तरी दोन्ही अडकत.

३/ कॅलथ्रॉपचा आग्रह एकच होता : इंजिन असो वा मालडबा, कोणत्याही आसावर ५ टनांहून अधिक भार पडता कामा नये. भार सर्वत्र समान विभागला, तर हलके आणि स्वस्त रूळही पुरतात. (हाच गृहस्थ पुढे वैमानिकांसाठी ‘गार्डियन एंजल’ नावाचे पॅराशूट घडवून प्रसिद्धीस आला.)

४/ काटकसरीच्या या नियमाचा एक लाभ अपघाताच्या वेळी दिसतो. चार आसांचा भरलेला डबा फार तर २० टनांचा. त्याचे एक टोक उचलायचे म्हणजे सुमारे १० टन. हे काम स्क्रू जॅकच्या आवाक्यातले आहे.

मुख्य मार्गांवरील वाफेच्या क्रेनलाही स्वतःच्या वजनाची अडचण होतीच. ‘रॅन्सम्स अँड रॅपियर’ कंपनीच्या विल्फ्रेड स्टोक्स यांनी क्रेनला जादा बोगी जोडून तिचा भार अधिक आसांवर वाटण्याची युक्ती काढली. पहिल्या महायुद्धातील सुप्रसिद्ध उखळी तोफ याच स्टोक्सची. एकाने पॅराशूट दिले, दुसऱ्याने तोफ. रुळांवरचा प्रश्न मात्र दोघांचा एकच, आसावरील भाराचा.

५/ गाडी घसरल्यावर पहिले काम उचलण्याचे नसते, मागून-पुढून येणारी दुसरी गाडी थोपवण्याचे असते. रुळांवर ठेवायचे फटाके घेऊन गार्ड चालत निघतो. अरुंदमापी मार्गासाठीचा भारतीय रेल्वेचा नियम असा : ४०० मीटरवर एक फटाका, ८०० मीटरवर दहा-दहा मीटरच्या अंतराने तीन.

६/ मग उचल. सुस्थितीतील डबे सोडवून दूर न्यायचे, उरलेल्यांच्या चाकांना पाचरी मारायच्या. त्यानंतरचा शत्रू म्हणजे जमीन. काळ्या मातीत, विशेषतः पावसाळ्यात, जॅक फिरवला की डबा वर येण्याऐवजी जॅकच खाली रुततो. म्हणून आधी स्लीपरांचे आडवे-उभे थर रचून पाया करावा लागे. काही इंच उचल, लगेच खाली लाकूड भर, पुन्हा उचल. जॅक निसटलाच तर डबा माणसावर न येता लाकडावर बसावा, एवढ्यासाठी. चाकाची कड रुळाच्या माथ्यावर आली की डबा बाजूला सरकवायचा आणि हळूहळू खाली सोडायचा. चाक रुळाच्या अगदी जवळ असेल तर लोखंडी उताराचे तुकडे रुळाला जखडून इंजिनाने डबा सावकाश ओढून घेता येई. जुना दंडक असा की ज्या वाटेने चाक उतरले, शक्यतो त्याच वाटेने ते परत आणावे.

इंजिन घसरले तर आधी आग काढणे भाग. इंजिन कलले की बॉयलरमधील पाणी एका अंगाला जाते, भट्टीचे छत कोरडे पडते, आणि तापलेले कोरडे छत म्हणजे स्फोटाला निमंत्रण.

७/ या साऱ्या घाईत एक गोष्ट हमखास चिरडली जाण्याचा धोका असे : पुरावा. चाक रुळावर प्रथम कोठे चढले, त्याची खूण रुळाच्या माथ्यावर राहते. कोठे खाली पडले, त्याची स्लीपरवर. रुळांतील अंतर आणि दोन्ही रुळांची समपातळी डबा हलवण्यापूर्वीच मोजायला हवी. दोष रुळाचा की डब्याचा, हे या मोजमापांवरच ठरते. इकडे मार्ग खुला करण्याचा तगादा चालू असतो. आणि पहार हाती घेतलेली गँग बहुधा तीच, जिच्याकडे त्या टापूतील रुळांची देखभाल. आपल्याविरुद्धचा किंवा आपल्याला सोडवणारा पुरावा मुकादम स्वतःच्याच हातांनी पुसत असे. नियमांच्या पुस्तकांपेक्षा या प्रसंगाकडे इतिहासकारांनी अधिक लक्ष द्यायला हवे होते.

८/ १९५४ मध्ये ही रेल्वे सरकारने ताब्यात घेतली. २००० नंतर टप्प्याटप्प्याने तिचे रुंदीकरण झाले आणि अडीच फुटी रूळ उखडले गेले. आता मदतगाडीत हायड्रॉलिक जॅक असतात. त्यांच्याखाली रचायला लाकडी ठोकळे मात्र अजूनही त्याच गाडीतून जातात.