गाळलेली चिन्हे

मुले विचारीत, "'ऌ' इतक्या थोड्या शब्दांत येतो, मग शिकायचा कशाला?" मी फळ्यावर 'क्लृप्ती' लिहीत असे.

संगणकाच्या व्याकरणातही हा प्रश्न येतो. नियम दिले की वाक्य तपासणारा प्रोग्राम तयार करणारे 'याक' स्टीफन जॉन्सन यांनी बेल लॅब्जमध्ये लिहिले. त्यांचा अहवाल १९७५चा. पुढे रॉबर्ट कॉर्बेट यांचे 'बायसन' आले. त्यात प्रत्येक चिन्हाला क्रमांक, आणि तक्त्यात तेवढीच जागा. आरंभापासून एकही नियम ज्याच्यापर्यंत पोचत नाही, असे वाक्यखंडाचे चिन्ह ते गाळते. मग उरलेल्यांना सलग नवे क्रमांक द्यावेच लागतात. जुनेच ठेवून जागा कमी केली, तर शेजारच्या माहितीवर अतिक्रमण होते.

पण गाळताना बायसन इशाराही देते. कदाचित ते चिन्ह निरुपयोगी नसेल, लिहिणाराच नियमात घालायला विसरला असेल! मुलांना मी हेही सांगायला हवे होते.