टेरी अर्विन आणि भुंगेऱ्यांची गणना

अमेरिकन कीटकशास्त्रज्ञ टेरी अर्विन (१९४०–२०२०) हे कॅरॅबिडी या भुंगेऱ्यांच्या कुलाचे अभ्यासक होते. परंतु त्यांची कीर्ती मुख्यतः १९८२ मधील एका अतिशय छोट्या लेखावर उभी आहे. पनामाच्या अरण्यात एकाच जातीच्या १९ वृक्षांवर कीटकनाशकाचे धुके सोडून खाली पडलेले कीटक त्यांनी गोळा केले. त्यांत एकट्या भुंगेऱ्यांच्याच सुमारे १,२०० जाती निघाल्या. त्यांपैकी १६३ जाती केवळ त्याच वृक्षावर जगत असाव्यात आणि उष्णकटिबंधात वृक्षांच्या ५०,००० जाती असाव्यात, या गृहीतांवरून त्यांनी तेथील संधिपाद प्राण्यांच्या जाती ३ कोटी ठरविल्या.

पुढील संशोधकांना पहिले गृहीत अतिरिक्त वाटले. २०१५ मधील एका अनुमानानुसार कीटकांच्या जाती सुमारे ५५ लाख भरतात. तथापि आकडा खाली आला म्हणून अर्विन यांचा प्रश्न निकालात निघत नाही. आजवर नामकरण झालेल्या कीटकजाती सुमारे १० लाखच आहेत. ज्यास नाव नाही, त्याच्या नाशाची नोंदही होत नाही. म्हणूनच नव्या भुंगेऱ्यांना नावे देण्याचे जे काम अर्विन यांनी आयुष्यभर केले, ते त्यांच्या गणितापेक्षा अधिक टिकाऊ मानावे लागेल.