केंद्रीय सैनिक बोर्ड

केंद्रीय सैनिक बोर्ड : माजी सैनिक, वीरनारी, सेवेत अपंगत्व आलेले जवान आणि त्यांची कुटुंबे यांच्या कल्याणाची धोरणे ठरवणारी व मदत देणारी भारत सरकारची शिखर संस्था. कार्यालय नवी दिल्लीत. संरक्षणमंत्री बोर्डाचे पदसिद्ध अध्यक्ष असतात. तिन्ही सैन्यदलांचे प्रमुख आणि राज्यांचे मुख्यमंत्री सदस्य असतात. दैनंदिन कारभार ब्रिगेडियर किंवा त्याच्या बरोबरीच्या हुद्द्याचा सचिव पाहतो. २००४ मध्ये संरक्षण मंत्रालयात माजी सैनिक कल्याण विभाग स्वतंत्र झाला, तेव्हापासून बोर्ड या विभागाखाली आहे.

बोर्डाची सुरुवात १९१९ सालची. पहिल्या महायुद्धात तेरा लाखांवर भारतीय ब्रिटिश साम्राज्याच्या बाजूने उतरले आणि सत्तर हजारांहून अधिक मारले गेले. युद्ध संपताच पलटणी मोडल्या व माणसे गावाकडे परतली. कुणाचा पाय गेलेला, कुणाची थकबाकी अडकलेली, कुणाची विधवा कागद घेऊन कचेऱ्यांचे उंबरे झिजवणारी. त्यांच्यासाठी सरकारने ‘इंडियन सोल्जर्स बोर्ड’ स्थापन केले. हेतू निव्वळ दयेचा नव्हता. ज्या गावांतून पुढची भरती व्हायची, तिथे असंतोष पसरू नये हीही काळजी होती. पंजाबात तर युद्धकाळातल्या भरती समित्यांमधूनच जिल्ह्यांची सैनिक मंडळे उभी राहिली. स्वातंत्र्यानंतर ही यंत्रणा नव्या सरकारने तशीच पुढे चालवली. पुढे नावात नाविक आणि हवाई सैनिकही आले आणि १९७५ मध्ये सध्याचे नाव मिळाले.

बोर्डाची रचना तीन पायऱ्यांची आहे. दिल्लीत केंद्रीय बोर्ड, राज्यांत राज्य सैनिक बोर्ड आणि जिल्ह्यांत जिल्हा सैनिक कल्याण कार्यालये. देशभरात अशी जिल्हा कार्यालये चारशेहून अधिक आहेत. त्यांचा खर्च केंद्र आणि राज्य वाटून उचलतात, मात्र कर्मचारी राज्य सरकारचे असतात. महाराष्ट्रात हे काम पुण्याच्या सैनिक कल्याण विभागामार्फत चालते. जिल्हा सैनिक कल्याण अधिकारी हा बहुधा स्वतः निवृत्त लष्करी अधिकारी असतो, आणि त्याच्या हाताखालचे कल्याण संघटक गावोगाव फिरतात. सातारा, कोल्हापूर, सांगली, अहिल्यानगर या जिल्ह्यांत, जिथे घरटी एक माणूस फौजेत अशी गावे आहेत, तिथे हे कार्यालय लोकांच्या चांगल्या परिचयाचे आहे.

बोर्डाचे खरे काम याच पायरीवर होते. अर्ज आता ऑनलाइन भरायचा असतो, पण कागदपत्रांची पडताळणी जिल्हा कार्यालयच करते. अर्ज अडतो तो बहुतेक वेळा डिस्चार्ज बुकावर, म्हणजे सैनिकाच्या सेवामुक्तीच्या पुस्तकावर. मुलीच्या लग्नासाठी अनुदान मागायचे तर तिचे नाव आणि जन्मतारीख त्या पुस्तकात किंवा पलटणीच्या पार्ट टू ऑर्डरमध्ये (सैनिकाच्या कौटुंबिक नोंदींच्या लष्करी आदेशात) नोंदलेली असावी लागते. शाळेच्या दाखल्यावर एक तारीख आणि पुस्तकात दुसरी असली की प्रकरण सैन्याच्या रेकॉर्ड ऑफिसकडे जाते, आणि दुरुस्ती होऊन येईपर्यंत बरेच दिवस जातात. जवान हयात असेल तर तो स्वतः पत्रव्यवहार करतो. त्याच्या मागे राहिलेल्या, फारशा न शिकलेल्या बाईला ते जमत नाही. अशा वेळी शेजारी बसून तिचा अर्ज भरून देणारा संघटक तिला दिल्लीच्या कुठल्याही परिपत्रकापेक्षा जास्त उपयोगी पडतो.

मदतीचा पैसा मुख्यतः सशस्त्र सेना ध्वजदिन निधीतून येतो. बलदेव सिंग संरक्षणमंत्री असताना त्यांच्या समितीने ऑगस्ट १९४९ मध्ये दरवर्षी ७ डिसेंबरला ध्वजदिन पाळण्याचे ठरवले. लाल, गडद निळा आणि फिकट निळा असे तीन रंग असलेला टाचणीचा छोटा कागदी ध्वज शाळाशाळांतून वाटला जातो आणि मुले डब्यात नाणी टाकतात. महाराष्ट्रात प्रत्येक जिल्ह्याला संकलनाचा इष्टांक ठरवून दिलेला असतो आणि शासकीय कार्यालयांमार्फत तो पूर्ण करून घेतला जातो. १९९३ मध्ये युद्धविधवा, अपंग सैनिक, गोरखा माजी सैनिक वगैरेंसाठी असलेले वेगवेगळे निधी एकत्र करून आजचा निधी तयार झाला. त्याला दिलेल्या देणगीवर प्राप्तिकरात सवलत मिळते, आणि माजी सैनिकांसाठी केलेला खर्च कंपन्यांच्या सामाजिक दायित्वातही धरला जातो.

या निधीचाच एक भाग असलेल्या संरक्षणमंत्री माजी सैनिक कल्याण निधीतून व्यक्तिगत अनुदाने मिळतात. पेन्शन नसलेल्या, पासष्ट वर्षांवरील गरजू माजी सैनिकांना व त्यांच्या विधवांना दिले जाणारे निर्वाह अनुदान दरमहा ४,००० रुपये होते. ऑक्टोबर २०२५ च्या निर्णयाने ते ८,००० झाले. शिक्षणासाठी दोन मुलांपर्यंत प्रत्येकी दरमहा १,००० चे २,००० आणि दोन मुलींपर्यंत लग्नासाठी किंवा विधवेच्या पुनर्विवाहासाठी ५०,००० चे १,००,००० रुपये, अशी वाढही त्याच वेळी झाली. वाढीव रक्कम १ नोव्हेंबर २०२५ पासूनच्या अर्जांना लागू आहे. निर्वाह अनुदान हवालदार व त्याखालच्या हुद्द्यांपुरते आहे. ते योग्यच, कारण खरी ओढाताण तिथेच आहे.

पंतप्रधान शिष्यवृत्ती योजना मात्र राष्ट्रीय संरक्षण निधीतून चालते. २००६-०७ मध्ये सुरू झालेल्या या योजनेत दरवर्षी ५,५०० शिष्यवृत्त्या असून निम्म्या मुलींसाठी राखीव आहेत. व्यावसायिक पदवी घेणाऱ्या मुलाला दरमहा २,५०० आणि मुलीला ३,००० रुपये मिळतात. त्याशिवाय बोर्ड काही संस्थांना अनुदान देते. त्यांत पाठीच्या कण्याला इजा होऊन पाय निकामी झालेल्या जवानांची खडकी आणि मोहाली येथील पुनर्वसन केंद्रे, तसेच डेहराडूनची अंध सैनिकांची सेंट डन्स्टन्स संस्था यांचा समावेश होतो. खडकीच्या केंद्रात जवान चाकाच्या खुर्चीवर बसून बास्केटबॉल खेळतात, तोंडात कुंचला धरून चित्रे काढतात. पुण्याच्या इतक्या जवळ असलेली ही जागा जास्त मराठी माणसांनी पाहायला हवी.

माजी सैनिकांच्या उपचारांची ईसीएचएस योजना (२००३) आणि नोकरी, प्रशिक्षण पाहणारे पुनर्वसन महासंचालनालय या यंत्रणा बोर्डापासून वेगळ्या आहेत. अनेकदा तिन्हींची गल्लत होते आणि माणूस चुकीच्या दारात उभा राहतो.

दरवर्षी सुमारे साठ हजार जण सैन्यदलांतून निवृत्त होतात आणि त्यांतले बरेचसे चाळिशीच्या आतबाहेर असतात. पंधरा वर्षे सेवा पूर्ण केलेल्या जवानाला पेन्शन मिळते, कँटीन कार्ड मिळते आणि त्याचे बहुधा निभावते. दुसऱ्या महायुद्धानंतर घरी पाठवलेल्यांना, अल्पमुदतीच्या सेवेतून परतलेल्यांना, मुदतीआधी सुटलेल्यांना पेन्शन नव्हती. बोर्डाची गरज मुळात अशा माणसांना आहे. २०२२ मध्ये आलेल्या अग्निपथ योजनेमुळे हा प्रश्न पुन्हा समोर आला आहे. चार वर्षांनंतर बाहेर पडणाऱ्या अग्निवीराला एकरकमी सेवानिधी मिळतो, पण पेन्शन नाही, ईसीएचएस नाही आणि योजनेच्या अटींनुसार माजी सैनिकाचा दर्जाही नाही. म्हणजे बोर्डाच्या मदतीवर त्याचा हक्क राहत नाही. पहिल्या तुकड्यांची मुदत २०२६ च्या अखेरीपासून संपते. त्याआधी सरकारने नियम बदलून या तरुणांना बोर्डाच्या कक्षेत घ्यावे.