गुरांमागची शाळा

पेणहून धरमतरच्या खाडीकडे निघालात की वाटेत एखादी वीटभट्टी दिसेल. तिथं थांबा. खाडीच्या चिखलाचा खारट वास आणि भट्टीचा धूर एकदमच नाकात शिरतो. आई विटा थापतेय आणि आठेक वर्षांची कातकरी पोर धाकट्या भावाला कडेवर घेऊन तुमच्याकडे बघतेय. तिच्याकडे नीट बघा. आता डोळे मिटा.

उघडा! तुमची उंची निम्मी झालीय. हातात शेळीची दोरी, कडेवर बहीण. ही डहाणूजवळची कोसबाडची टेकडी, साल १९५७ च्या पुढचं कुठलंही धरा. पाऊस सरलाय, गवत कमरेला लागतंय, कुसळं पोटऱ्यांत रुततायत. गुरांच्या अंगाचा उबदार वास, माश्यांची गुणगुण. बहिणीच्या घामानं तुमची कूस चिकट झालीय आणि सकाळची पेज केव्हाच जिरलीय. शाळेत जायचं तर गुरांकडे कोण बघणार? हिला कुणाकडे ठेवणार? शिवाय तुम्ही बोलता वारली. पुस्तकातली भाषा अर्धीअधिक डोक्यावरून जाते.

तेवढ्यात झाडाखालून गाणं ऐकू येतं. दहा-बारा गुराखी पोरं आणि त्यांच्यात मातीवरच बसलेल्या एक ताई. तुम्ही लांबच उभे. ताई सरकून जागा करतात. "बहिणीलाही आण," म्हणतात. तिच्या मुठीत शिंपले येतात आणि सकाळपासून पहिल्यांदाच तुमची कूस मोकळी होते, तिथं वारा लागतो.

"सात गुरं चरत होती, दोन ओढ्यावर गेली. राहिली किती?" तुम्ही नुसती मान वर करता. पाच. तुमचं उत्तर बरोबर आलंय, तेही सगळ्यांच्या आधी! मग काटकीनं ओल्या मातीत अक्षर गिरवायचं. अर्ध्यावरच शेळी कुणाच्या तरी नाचणीत घुसते. तुम्ही धूम ठोकता, तिला हाकलून धापा टाकत परत येता. ओरडा बसत नाही. अर्धं अक्षर तिथंच आहे, तुमची वाट बघत.

ही कुरणशाळा, गुरांमागं कुरणातच भरणारी. हे शहाणपण कोसबाडला बोर्डीतून आलेलं. तिथं १९४५ मध्ये बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बालवाडी काढली, तेव्हा दलित वस्तीतली मुलं तिकडे फिरकेनात. ताराबाईंनी मुलांना दोष दिला नाही. बालवाडीच उचलून त्यांच्या अंगणात नेली. आधी हात-पाय धुणं, केस विंचरणं, मग गाणी आणि खेळ. भावनगरला शिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेकांबरोबर काम केलेल्या ताराबाईंनी महागड्या साधनांऐवजी बिया, खडे, शिंपले वापरले. अंगणवाडी हा शब्द या अंगणातला. हे आठवलं की मला आजही भरून येतं, कारण जन्मभर ज्यांना "तू तिकडे जा" एवढंच ऐकू आलं, त्यांच्या दारात कुणीतरी स्वतःहून येऊन बसलं होतं.

उन्हं कलतात, गुरं आपसूक पाड्याकडे वळतात. शाळा सुटते ती अशी, घंटेशिवाय. बहीण खांद्यावर झोपलीय, मुठीत शिंपला घट्ट.

डोळे मिटा, उघडा. पुन्हा धूर. ती पोर अजून तिथंच आहे. गावातल्या शाळेच्या पटावर तिचं नाव असेलही. पण आईबाप पाऊस पडेपर्यंत इथं आहेत, म्हणून तीही इथंच. तिनं भावाला या कडेवरून त्या कडेवर घेतलंय.